स्टिकर सोडा, कोन मोजा

खाली वळलेलं हँडल दिसलं की आपण त्या सायकलला 'रेसर' म्हणून मोकळे होतो. जुन्या बाजारात उभी असलेली असो, सोसायटीच्या जिन्याखाली धूळ खात पडलेली असो, नाहीतर जर्मनीत मास्टर्स करायला गेलेल्या मित्राने तिथल्या सेकंडहँड बाजारातून घेतलेली आणि स्टोरीवर टाकलेली असो. बारीक टायर, पोलादी नळ्यांची सडपातळ फ्रेम, उडालेला रंग आणि खाली 'व्हिंटेज रेसर' असं कॅप्शन. विकणाराही तेच सांगतो, "ओरिजिनल रेसिंग आहे दादा, आता अशी मिळत नाही."

मिळत नाही हे खरं असेल. रेसिंगची आहे, हे मात्र बहुतेक वेळा खोटं असतं. तो मुद्दाम फसवतो असंही नाही, त्यालाही माहीत नसतं. हँडल बदलायला अर्धा तास लागतो, स्टिकर चिकटवायला पाच मिनिटं. पण कारखान्यात नळ्या ज्या कोनात जोडल्या गेल्या, तो कोन चाळीस वर्षांनीही तसाच असतो. म्हणून माझं सरळ म्हणणं आहे की जुनी रोड सायकल घेताना कंपनीचं नाव, रंग, हँडल हे सगळं नंतर. आधी फ्रेम मोजा. ती कशासाठी बनवली होती ते तीच सांगते, आणि तिचं ऐकलं नाही तर पैसे तर जातातच, कधी कधी दातही.

मोजायला काय लागतं? तुमच्या खिशातला मोबाइल आणि शिंप्याची टेप. फोनमध्ये लेव्हलचं ॲप असतंच. सायकल सपाट फरशीवर सरळ उभी करा, चाकांत हवा भरलेली असू द्या. हँडलखालच्या आखूड नळीला फोनची कड टेकवा, जमिनीशी होणारा कोन वाचा. मग सीटखालच्या नळीचा वाचा. टेपने दोन अंतरं घ्या. एक, पायडलच्या एक्सलपासून मागच्या चाकाच्या एक्सलपर्यंत. दुसरं, पुढच्या एक्सलपासून मागच्या एक्सलपर्यंत. पाच मिनिटांचं काम. विकणारा विचित्र नजरेने बघेल, बघू दे.

आता आकडे काय म्हणतात ते बघू. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या खऱ्या रेसिंग फ्रेमचा पुढचा कोन साधारण 73 ते 74 अंश असतो. पायडल ते मागचं एक्सल हे अंतर 41 सें.मी.च्या आसपास आणि दोन चाकांमधलं अंतर एक मीटर किंवा त्याहून थोडं कमी. म्हणजे सगळं आवळून घेतलेलं. मागचं चाक जवळजवळ सीटच्या नळीला चिकटलेलं. अशी सायकल हलक्या इशाऱ्यावर वळते, पायडलवर उभं राहून जोर लावला की उसळते, आणि खड्ड्यात गेली की तो खड्डा तुमच्या मणक्यापर्यंत इमानदारीने पोचवते. टूरिंगची, म्हणजे सामान लादून दिवसचे दिवस चालवायची फ्रेम घ्या. पुढचा कोन 71-72, मागचं अंतर 44 ते 46 सें.मी., दोन चाकांत 103 ते 106 सें.मी. तो मागचा जास्तीचा चार-पाच सें.मी.चा हिशेब अगदी साधा आहे. कॅरिअरला दोन्ही बाजूंनी पिशव्या लावल्यावर टाचा त्यांना आपटायला नकोत. रेसिंग फ्रेमला पिशव्या लावून लोणावळ्यापर्यंत जाऊन बघा, प्रत्येक फेरीला टाच आपटते.

पण सगळ्यांत मजेदार भाग आहे पुढचा चिमटा. नीट बघा, जुन्या सायकलीचा चिमटा खाली जाताना पुढे वळलेला असतो. ते वळण शोभेसाठी नाही. ऑफिसच्या खुर्चीची चाकं आठवा. खुर्ची ढकलली की चाकं आपोआप मागे वळून सरळ होतात, कारण चाक जिथे जमिनीला टेकतं ती जागा वरच्या खिळीच्या मागे असते. सायकलचंही तसंच. हँडलच्या नळीची रेघ मनातल्या मनात खाली जमिनीपर्यंत वाढवा. ती जिथे पोचते त्याच्या थोडं मागे टायर टेकतो. या अंतराला म्हणतात ट्रेल. कोन जितका आडवा तितका ट्रेल जास्त, आणि चिमट्याचं वळण जितकं जास्त तितका ट्रेल कमी. अकरावीची त्रिकोणमिती इथे चक्क उपयोगी पडते. चाकाची त्रिज्या 336 मि.मी., कोन 73 अंश, चिमट्याचं वळण 45 मि.मी. धरलं तर ट्रेल येतो सुमारे 56 मि.मी. हा रेसिंगचा नेहमीचा आकडा. तोच कोन ठेवून वळण 65 मि.मी. केलं तर ट्रेल एकदम 35 मि.मी.वर उतरतो.

35 मि.मी. कुणाला हवा असतो? फ्रान्समधल्या लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांना. रने एर्स, ॲलेक्स सिंगर यांच्यासारखे पॅरिसचे कारागीर ज्या सायकली हाताने बनवायचे, त्यांत पुढच्या चाकावर एक चौकोनी पिशवी असायची. नकाशा, खाणं, रेनकोट सगळं हँडलसमोर. पुढे वजन असताना ट्रेल जास्त ठेवला तर वळणावर हँडल एका बाजूला पडायला लागतं. कमी ठेवला की तीच सायकल रात्री तीन वाजता, झोपेने डोळे मिटत असतानाही शहाण्यासारखी चालते. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही 1200 किलोमीटरची राइड 1891मध्ये सुरू झाली आणि आज हौशी मंडळी ती 90 तासांत पूर्ण करतात. या असल्या वेडापायी त्या फ्रेमची भूमिती घडली. आपल्याकडे पुण्या-मुंबईत, नाशिकला जे 200, 300, 400, 600 किलोमीटरचे ब्रेव्हे होतात, ते याच घराण्यातले. तरी ब्रेव्हे करायचं ठरवलेला पोरगा जुन्या बाजारात जातो आणि 'रेसर' शोधतो. खरं तर त्याला रेसरची मावसबहीण हवी असते.

इथे एक सावधगिरी. फ्रेमचे आकडे त्या सायकलच्या काळासकट वाचायचे असतात. 1930च्या दशकातली, अगदी टूर द फ्रान्समध्ये पळालेली सायकल मोजली तर ती तुम्हाला ऐंशीच्या दशकातली टूरिंग सायकल वाटेल. आडवे कोन, लांब अंतरं, चिमट्याला भरपूर वळण. कारण तेव्हा आल्प्स-पिरेनीजमधले घाट म्हणजे खडी आणि माती. गिअर बदलायचं डिरेलर टूरमध्ये वापरायला परवानगी मिळाली तीच मुळी 1937मध्ये. रस्ते डांबरी होत गेले तसे रेसिंग फ्रेमचे कोन उभे होत गेले. म्हणजे फ्रेममध्ये सायकलस्वाराइतकाच रस्ताही लिहिलेला असतो. पॅरिस-रुबे ही दगडी रस्त्यांवरची शर्यत आहे, तिच्यासाठी त्याच टीम त्याच वर्षी थोड्या लांब, थोड्या आडव्या आणि टायरला जास्त जागा असलेल्या फ्रेम बनवून घ्यायच्या. शर्यत तीच जगातली सगळ्यात मानाची, पण भूमिती वेगळी.

मग वर्ष कसं ओळखायचं? मागच्या चिमट्याच्या दोन पायांमधलं आतलं अंतर मोजा. 120 मि.मी. असेल तर मागे पाच गिअरचा जमाना, 126 असेल तर सहा-सात गिअरचा, म्हणजे साधारण ऐंशीचं दशक, आणि 130 म्हणजे त्यानंतरचं. हा पुरावा फ्रेमचाच आहे, त्यामुळे सहजी खोटा करता येत नाही. (पोलादी फ्रेम असल्यामुळे मेकॅनिक ते वाकवून रुंद करू शकतो, हे खरंय. पण तसं कुणी केलं असेल तर तो अभिमानाने सांगतो.)

स्टिकरबद्दल एवढं बोललो, तर एका स्टिकरला न्याय द्यायलाच हवा. 'रेनॉल्ड्स 531' असं लिहिलेलं दिसलं की जाणकार लोक हळवे होतात. 1935मध्ये बाजारात आलेली ही इंग्लिश नळी खरंच उत्तम. पण 531 म्हणजे रेसिंग, हे चूक. 531 हा धातूचा पत्ता आहे, सायकलच्या कामाचा नाही. त्याच नळीतून शर्यतीच्याही फ्रेम झाल्या आणि पोस्ट ऑफिसला जायच्याही. ऐंशीच्या दशकात मात्र कंपनीनेच '531 एसटी' असं वेगळं स्टिकर काढलं, ते टूरिंगसाठी. ते दिसलं आणि कोनही जुळला, तर सौदा सोडू नका.

मडगार्ड आणि कॅरिअर लावायची छोटी भोकं एक्सलजवळ असतील तर सायकल टूरिंगची, असा एक सोपा नियम सांगितला जातो. मला तो अर्धवट वाटतो. इंग्लंडमधले क्लबवाले एकाच सायकलवर आठवडाभर कामाला जायचे, रविवारी मडगार्ड काढून टाइम ट्रायल मारायचे आणि पुन्हा मडगार्ड लावून घरी यायचे. त्यांच्या वेगवान फ्रेमनाही ती भोकं होती. एका खुणेवर निकाल देऊ नका. भोकं, टायरभोवतीची जागा, कोन आणि मागचं अंतर हे चार साक्षीदार एकच गोष्ट सांगायला लागले की विश्वास ठेवा.

आणि चारांतला एकच विचारायची मुभा दिली, तर मी टायरभोवतीची जागा विचारेन. चिमट्याच्या आत, टायरच्या दोन्ही बाजूंना आणि वर करंगळी जाते का? जात नसेल तर ती सायकल 23-25 मि.मी.चा टायर सोडून काही घेणार नाही. जुलै महिन्यात तुमच्या कॉलेजच्या रस्त्याची अवस्था डोळ्यांसमोर आणा आणि मग ठरवा. 32 मि.मी.चा टायर बसणारी फ्रेम दिसायला थोडी ढगळ असते, फोटोत कमी भाव खाते. पण पावसाळ्यात मडगार्ड लावून रोज चालवता येते.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं तिकडे येतो. सध्या जुन्या रोड सायकलची 'फिक्सी' करायची लाट आहे. गिअर काढायचे, फ्रीव्हील काढून फिक्स्ड कॉग लावायचा, ग्राइंडर घेऊन केबलच्या कड्या, गिअरचं हँगर, कॅरिअरची भोकं कापून टाकायची, वरून मॅट काळा रंग. काही वीर ब्रेकही काढतात. दिसायला भारी दिसते, मान्य. पण फिक्स्ड सायकलचं मूळ घर म्हणजे ट्रॅक. 1972मध्ये एडी मर्क्सने मेक्सिको सिटीत एका तासात 49.431 किलोमीटरचा विक्रम केला, तो कोल्नागोने बनवलेल्या सहा किलोच्याही आतल्या अशाच सायकलवर. ब्रेक नाही, गिअर नाही. पण समोर ट्रॅफिकही नाही.

ट्रॅकच्या फ्रेममध्ये पायडलचं एक्सल मुद्दाम उंच असतं. चाकांच्या एक्सलच्या रेषेपेक्षा ते जेमतेम 50 मि.मी. खाली. कारण फिक्स्ड सायकलवर पायडल थांबवता येत नाही, वळणावर कललात तरी पाय फिरतच राहतात. टूरिंग फ्रेममध्ये हेच एक्सल 75-80 मि.मी. खाली असतं, म्हणजे वजन खाली राहतं आणि लादलेली सायकल डुलत नाही. आता हिशेब करा. ट्रॅक सायकलवर खाली आलेलं पायडल जमिनीपासून जवळपास 12 सें.मी.वर असतं. टूरिंगच्या फ्रेमवर थोडा लांब क्रँक असेल तर 9 सें.मी.च्या आत. हे 3 सें.मी. कमी असलेली फिक्सी घेऊन तुम्ही डावीकडे जोरात वळता, सायकल कलते, पाय थांबवता येत नाही, पायडल डांबराला टेकतं आणि मागचं चाक उचललं जातं. यात चालवणाऱ्याचं कौशल्य वगैरे कुठे येतच नाही. ती फ्रेम त्या कामासाठी बनलेलीच नव्हती.

त्यात कापलेली कडी पुन्हा उगवत नाही. मियाता 1000सारखी ऐंशीच्या दशकातली एखादी चांगली टूरिंग फ्रेम कापली, की जगातली एक टूरिंग सायकल कमी झाली आणि एक वाईट ट्रॅक सायकल वाढली. फिक्सीच हवी असेल तर तसं बनवून मिळतं, किंवा निदान उंच एक्सलची आणि आडव्या खाचांची फ्रेम शोधा, म्हणजे चेन ताणता येते. आणि पुढचा ब्रेक ठेवा. यावर चर्चा नाही.

दुसरी खोड 'शॉकअप' बसवायची. जुन्या रोड फ्रेमचा मूळ चिमटा गंजला म्हणून, किंवा नुसतीच हौस म्हणून, एमटीबीचा उंच चिमटा लावतात. पुढची बाजू साधारण पावणेदोन सें.मी. उचलली की पूर्ण फ्रेम एक अंशाने मागे कलते. शॉकअप सहज सहा-सात सें.मी. उंच असतो. म्हणजे 73चा कोन 69 झाला, सीटही तितकीच मागे गेली, आणि तुम्ही मेकॅनिकला विचारताय की चढावर गुडघे का दुखतात.

उलटही होतं. कोन मोजलात आणि 76 आला, तर खूश होऊन 'अस्सल रेसर' म्हणू नका. रोड सायकल इतकी उभी सहसा नसते. हँडलच्या नळीच्या मागे, खालच्या तिरक्या नळीच्या पोटाशी बोट फिरवा. तिथे रंगाला सुरकुती किंवा फुगवटा लागला, तर सायकल समोरून कुठे तरी जोरात धडकलेली आहे. चिमटा मागे गेलाय, नळी दबलीय. फ्रेम कितीही देखणी असली तरी ती घ्यायची नाही. रंग नवीन असेल तर शंका दुप्पट धरा.

एवढं सगळं वाचून कुणी म्हणेल, "अरे, सायकल आहे, बसायचं आणि मारायची!" बरोबर आहे. फ्रेम काही जन्मपत्रिका नाही. रेसिंग सायकलवर लोक लडाखला गेलेत आणि काळ्या दांडीच्या सायकलवर मुलांनी शर्यती जिंकल्यात. कोन जे सांगतो ते एवढंच की ही सायकल कुठे सहज चालेल आणि कुठे तुम्हाला तिच्याशी भांडावं लागेल. भांडायचं असेल तर जरूर भांडा, पण माहीत असून.

कॉलेजला रोज जाणाऱ्या आणि शनिवार-रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत दम काढणाऱ्या मुलामुलींसाठी माझं मत विचाराल तर मधली जात घ्या. 72-73चा कोन, मागे 42 ते 44 सें.मी., 32चा टायर आत जाईल एवढी जागा, मडगार्डची भोकं. सत्तरच्या दशकात अमेरिकेत सायकलींची प्रचंड लाट आली तेव्हा रॅले, प्युजो आणि जपानी कंपन्यांनी अशा सायकली ढिगाने विकल्या. विकताना जाहिरातीत शर्यतीचा रुबाब, आत मात्र सभ्य, सहनशील फ्रेम. जाणकार त्यांना भाव देत नाहीत, म्हणूनच त्या तुमच्या बजेटमध्ये येऊ शकतात. मुंबई-पुणे शर्यतीत 'घाटाचा राजा' व्हायचं असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा आवळलेली फ्रेम घ्या आणि मणक्याची तक्रार करू नका.

परदेशी नावांचा सोस नसेल तर घरातच सुरुवात करा. वडिलांच्या कॉलेजच्या दिवसांतली हीरो हॉक किंवा बीएसए एसएलआर माळ्यावर असेल, ती खाली उतरवून मोजा. नाहीतर आजोबांची काळी, रॉडच्या ब्रेकची, 28 इंची चाकांची सायकल. तिचा कोन वाचून फोन बिघडलाय असं वाटेल, 67-68च्या आसपास येईल. चाकांतलं अंतर 110 सें.मी.च्या पुढे जाईल. ही भूमिती इंग्लंडच्या रॅलेसारख्या कंपन्यांच्या रोडस्टरवरून आली आणि आपल्याकडे टिकली, कारण तिला रस्ता नसला तरी चालतं. मागे गव्हाचं पोतं, पुढे दांडीवर नातू, हँडल सोडून तंबाखू मळणारे आजोबा, आणि सायकल सरळ. रेसिंगचं स्टिकर तिच्यावर कुणी लावलं नाही. मोजताना मडगार्ड काढायची गरज नाही, फक्त साखळीच्या कव्हरवरचं ग्रीस फोनला लागणार नाही एवढं बघा.